सांगली-मिरजेतलं चर्च अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, बिशप असलेलं) आहे की प्रेस्बिटेरियन (वडीलमंडळाने चालणारं)? बिशप नेमका कुणाचा?

दोन्ही म्हटलं तरी चालेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट अशा सहा चर्च-संघटना एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ते जागतिक अँग्लिकन परिवारातही आहे. सांगली-मिरज त्याच्या कोल्हापूर धर्मप्रांतात येतं. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालच्या सगळ्या स्थानिक मंडळ्या.

आपल्याकडे मुळात काम होतं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, आणि त्यांच्यात बिशप नसतो, वडीलमंडळ कारभार बघतं. म्हणजे बिशपपद इथे एकीकरणानंतर आलं. जुन्या घरांना हा बदल सोपा गेला नसणार, तरी त्यांनी तो स्वीकारला, याचं मला फार मोल वाटतं. बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीचंही तसंच: तान्ह्या बाळाचा असो वा जाणत्या वयातला, दोन्ही मान्य.

समाजकार्याचं म्हणाल तर मिरजेचं मिशन हॉस्पिटल बघा. त्याच प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, सांगलीत दवाखान्यापासून सुरुवात केली, आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज आज दवाखान्यांचं गाव आहे, त्याचं मूळ तिथे आहे. सांगली-मिरजेमधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव.

बाकी नाताळात या. उपासना मराठीत, पेटी-तबल्यावर भजनं, आणि नंतर शेजारीपाजारी जाणाऱ्या ताटांत केकशेजारी करंज्या-चकल्या. आमच्याकडे तरी ताट रिकामं परत येत नाही, तिळगूळ नाहीतर साखर घालूनच येतं.