गोव्यात ज्यूंच्या जुन्या वस्तीच्या खुणा कुठे पाहता येतील?

कोचीच्या मट्टनचेरीत १५६८चे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आजही उभे आहे, तसे गोव्यात काही उरलेले नाही. कारण पोर्तुगालमध्ये बळजबरीने ख्रिस्ती झालेली ज्यू कुटुंबे येथे ‘नवख्रिस्ती’ म्हणूनच आली आणि १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्यावर गुप्तपणे जुना धर्म पाळल्याचे आरोप ठेवले. गार्सिया द ओर्ता हे वैद्य त्यांच्यापैकीच. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यांच्या निधनानंतर १५६९ मध्ये त्यांच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द त्यांची हाडे उकरून जाळली. मेलेल्या माणसावर उगवलेला हा सूड वाचताना आजही अंगावर काटा येतो. जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनचा वाडाही आता नाही. पणजीत मात्र मोठ्या चर्चसमोरच्या बागेला ओर्तांचे नाव आहे. ती अवश्य पाहावी.