लष्करी हद्दीतलं रान सांभाळायला निघालाय? आधी हे वाचा

स्वागत! उत्साह दांडगा आहे, पण पहिल्याच दिवशी कुदळ घेऊन जाऊ नका.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसारख्या बंदिस्त हद्दीत माणसांची वर्दळ कमी, म्हणून रान टिकतं. तेव्हा लेखी परवानगी, ओळखपत्र आणि ठरलेली वाट, यात तडजोड नाही. फोटो विचारूनच काढा. लोकेशन टाकून ते ग्रुपवर फिरवलेत तर पुढच्या वेळी गेटवरूनच परत याल, आणि तुमच्यामुळे आम्हीही.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते झाडं लावण्यात. गवताळ माळ दिसला की 'ओसाड' म्हणून खड्डे खणायला घेतात. अहो, चंडोल, तित्तर तिथेच जमिनीवर घरटी करतात! मे महिन्यातलं ते वाळकं गवत मेलेलं नसतं. पहिल्या दोन सरी पडू द्या, मग बघा. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावून हिरवाई झाली खरी, पण ते झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. लावायचंच असेल तर धावडा, खैर, हिवर. तेही जिथे आधी झाडी होती तिथेच.

सुरुवातीला एवढंच करा:
- घाणेरीचं (टणटणीचं) झुडूप फळं धरण्याआधी मुळासकट उपटा. पक्षी बी लांबवर नेतात.
- वाळलेलं उभं खोड तोडू नका, ढोलीत पिंगळा असेल.
- जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) उन्हाळ्याआधी, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीच.
- मोरांना दाणे नकोत.

पाणवठे, कॅमेरा ट्रॅप वगैरे नंतर बघू. वर्षभर एकच तुकडा धरा आणि वहीत नोंदी ठेवा.