वेंट्रॅलिस अँथिअस खात नाही? औषध राहू द्या, आधी टँकच्या काचेला हात लावा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. मुलुंडचा हॉल, २५० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल असलेला), अकरा दिवसांपूर्वी आणलेले तीन वेंट्रॅलिस, म्हणजे खोल समुद्रातले छोटे रंगीत मासे, त्यातला नर दगडामागे दडलेला. कल्ले भराभर हलताहेत, मायसिस (बारीक झिंग्यासारखं खाणं) तोंडात घेतो आणि थुंकतो, अंगावर डाग नाही की जखम नाही. खाली, पाणी गार करणाऱ्या चिलरबद्दल, तुम्ही लिहिलंय, ‘चिलरवर २३ दाखवतोय, त्यामुळे तापमानाचा प्रश्न नाही. औषध कोणतं घालू?’ हेच वाक्य २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी जवळपास जसंच्या तसं तीन जणांना विचारलं होतं.

औषध घालू नका. निदान उद्या रात्रीपर्यंत तरी नको.

तुमच्या फोटोत मागच्या खिडकीवर पाऊस दिसतोय, वर पंखा फिरतोय, एसी नाही. आणि टँकची काच कोरडी ठणठणीत आहे. माझी नजर तिथेच अडकली. जुलैत आपल्याकडे हवेचा दवबिंदू २५-२६ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर बाहेरून पाणी जमणार. फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की खाली ओलं वर्तुळ उमटतं, तसंच. तुमचं पाणी खरोखर २३ वर असेल तर काचेची बाहेरची बाजू फार तर २४ ची असेल आणि तिला घाम फुटायलाच हवा. एसी नसलेल्या खोलीत भर पावसाळ्यात काच कोरडी असेल, तर माझ्या मते पाणी २६ च्या खाली नाही. फोटोवरून बोलतेय, चूक असू शकते. पण हे तपासायला एक पैसा लागत नाही.

आता माझं काय झालं ते सांगते. लांबेल, पण तुम्ही त्याच वाटेवर दिसताय.

माझा टँक ३०० लिटरचा, गोरेगावच्या वन बीएचकेमध्ये. एक नर आणि तीन माद्या आणल्या होत्या. हे मासे साधारण ४० मीटरच्या खालच्या मंद निळ्या उजेडातले, थंड पाण्यातले, हे तुम्हाला माहीतच असेल. चिलर २३ वर लावला. जूनमध्ये काचेला असा घाम सुटला की रोज सकाळी दोन पंचे पिळायचे. बाहेरून चिकटवलेली तापमानाची पट्टी त्या ओलीनेच सुटली. काच सुकली की पुन्हा लावू म्हणून मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. चिलरवर आकडा दिसतोच की, दुसरा कशाला हवा, असं वाटलं. सगळं तिथून बिघडलं.

जुलै संपता संपता काच कोरडी राहायला लागली आणि मला बरंच वाटलं. स्टँडचं प्लायवूड फुगायचं थांबलं, घरातली कुरकुर थांबली. पुढचं विजेचं बिलही कमी आलं. पावसामुळे घर थंड झालंय, असं मी सगळ्यांना सांगत होते. चिलरवर २३. टँकमधले लायरटेल अँथिअस आणि क्लाउन मस्त खात होते, कोरल फुललेले होते. लायरटेल उथळ रीफवरचा मासा, त्याला २८ अंशांचं काही वाटत नाही. मी मात्र त्यावरून पाणी उत्तम आहे असं ठरवून टाकलं.

आणि नर खाईना. आधी थुंकायला लागला, मग दगडामागे जाऊन कल्ले उडवत बसला. अगदी तुमच्यासारखंच.

मी ठरवलं की हा रोग. २५ लिटरचा वेगळा टँक भरला, तांब्याचं औषध घातलं आणि नराला त्यात हलवलं. त्या टँकला चिलर नव्हताच. ऑगस्टमध्ये खोलीत ठेवलेलं पाणी ३० अंशांवर जातं. आधीच गरम पाण्याने दमलेला मासा मी आणखी गरम आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यात टाकला, वर तांबं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा पडला होता. जांभळट अंगावरचे पिवळे ठिपके तेवढे तसेच होते. चार दिवसांनी एक मादी गेली, ती मोठ्या टँकमध्येच.

त्या रात्री टँक आवरताना हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि पाणी थंड लागलंच नाही. धावत जाऊन स्वयंपाकघरातला काचेचा थर्मामीटर आणला, तर २७.८. चिलर मात्र २३.१ दाखवत होता.

चिलरचा सेन्सर बहुतेक वेळा चिलरच्या पोटात असतो, टँकमध्ये नाही. संपमधला, म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतला, छोटा पंप चिलरला पाणी पुरवतो. तो पंप तुंबला की पोटातलं दोन-तीन लिटर पाणी झटपट गार होतं, सेन्सरला २३ मिळतात आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. आकडा खोटा नसतोच. तो फक्त त्या दोन-तीन लिटरांचा असतो, टँक बाहेर तापत राहतो. बिल कमी आलं तेही त्यामुळेच. माझ्या पंपाच्या तोंडात गोगलगाईचा एक शंख अडकला होता, त्यावर स्पंजचे तुकडे बसले होते. पाईप कापून पाहिला तर आत पांढऱ्या, चुनखडीसारख्या बारीक नळ्यांचा थर. अंधाऱ्या पाईपमध्ये नळीत राहणारे किडे असे वाढतात. चिलरचा परतीचा पाईप संपबाहेर धरला तर करंगळीपेक्षा बारीक धार येत होती. एक लिटरचा मग भरायला पावणेदोन मिनिटं लागली, म्हणजे तासाला जेमतेम ३५ लिटर.

सर्व्हिस सेंटरचा राग मला अजून आहे. नाव लिहीत नाही. नर जायच्या दहा दिवस आधी मी त्यांना बोलावलं होतं, कारण कॉम्प्रेसर रात्री दर दोन-तीन मिनिटांनी टक करून सुरू व्हायचा आणि टक करून बंद पडायचा. माणूस आला. करंट मोजला, गॅस बघितला, डिस्प्लेकडे बघितलं, कार्डावर ‘ओके’ लिहिलं आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. पाण्याला बोट लावलं नाही. दुसऱ्यांदा फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, सेट केलेलं तापमान दिसतंय ना, मग युनिट बरोबर आहे.’ चिलर दुरुस्त करणाऱ्यांनी पाण्याचा प्रवाह विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? त्यांनी तेव्हा ‘पंप साफ केलात का’ एवढं विचारलं असतं तर ते दोन मासे राहिले असते, असं मला आजही वाटतं.

आता तुमच्याबद्दल. आज रात्री एवढं करा. काचेला हात लावा. साधा काचेचा थर्मामीटर टँकच्या पाण्यात, माशांच्या बाजूला, दहा मिनिटं ठेवा. तापमापीवर माझा भरवसा नाही म्हणून मी दोन ठेवते. मग चिलरचा परतीचा पाईप संपबाहेर काढून १० लिटरच्या बादलीत सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. संपचं पाणी कमी होईल, संपमधलं पाणी टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा. अर्ध्या मिनिटात बादली भरली तर तासाला १२०० लिटर प्रवाह झाला. तुमच्या चिलरला किती लागतो ते त्याच्या पुस्तिकेत असतं. त्याच्या निम्म्याहून कमी निघाला तर पंप उघडा, पाईप बदला. पाईप साफ करत बसू नका, नवा स्वस्त पडतो.

तापमान खरंच वर असेल तर एकदम खाली ओढू नका. दिवसाला एक अंश, फार तर दीड. बर्फाच्या बाटल्या सोडायचा मोह होईल, तो टाळा. दिवे निम्म्यावर आणा, नराच्या बाजूचे तर दोन-तीन दिवस बंदच ठेवा. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील असा एक पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) वर वळवा. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो आणि रात्री कोरलही तोच वापरतात.

खाण्याचं. गोठवलेल्या मायसिसचा मोठा तुकडा एकदाच टाकून उपयोग नाही. हे मासे वाहत्या पाण्यातून बारीक प्लवंग दिवसभर टिपतात. जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) किंवा नुकते उबवलेले ब्राइन श्रिंप थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, प्रवाहात सोडा. हललेलं दिसलं की तोंड उघडेल अशी आशा आहे. माझ्या उरलेल्या दोघी सहाव्या दिवशी ब्राइन श्रिंपवरच सुरू झाल्या, मग कॅलॅनस (मोठ्या जातीचे कोपेपॉड), मग मायसिस. क्रॉफर्ड मार्केटहून गोठवलेलं खाणं आणत असाल तर पाकिटात बर्फाचा एकसंध गोळा झालाय का ते बघा. तसा असेल तर ते एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आहे, घेऊ नका. बाजारातला ओला जवळा धुऊन, बारीक चिरून लायरटेलना मी देते, ते तुटून पडतात. वेंट्रॅलिसने कधी ढुंकून पाहिलं नाही.

संपवर पंखा लावा, चिलर कशाला, असं तुम्हाला खाली दोघांनी सुचवलंय. कोरड्या हवेत पंख्याने पाणी उडतं आणि टँक गार होतो, हे खरं. मुंबईच्या जुलैत हवेत ओल इतकी असते की पंखा पाण्याला २६-२७ च्या खाली नेऊच शकत नाही. लायरटेलसाठी चालेल. या माशांसाठी नाही.

मी पशुवैद्य नाही, हे सगळं एका टँकचं आणि आठ वर्षांच्या चुकांचं ज्ञान आहे. अंगावर लाल चट्टे किंवा खरवडल्यासारखी जखम दिसली तर गोष्ट वेगळी. अँथिअसमध्ये युरोनीमा नावाचा परजीवी त्रास देतो आणि तेव्हा पशुवैद्य गाठायलाच हवा. डोकं खाली किंवा वर करून तरंगत असेल तर खोल पाण्यातून वर आणताना स्विम ब्लॅडरला (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला) झालेली इजा असू शकते, तीही वेगळी बाब. पण काहीही झालं तरी मोठ्या टँकमध्ये तांबं घालू नका, झिंगे, गोगलगाई, कोरल सगळं जाईल. वेगळ्या टँकमध्ये हलवायचंच झालं तर तिथलं पाणी आधी मोठ्या टँकइतकं गार करा, मग मासा हलवा.

आणि एक मत, पटलं नाही तर सोडून द्या. दुकानदाराने वेंट्रॅलिस विकताना तुमच्याकडे किती थर्मामीटर आहेत हे विचारायला हवं होतं. पहिल्यांदा अँथिअस पाळणाऱ्याला मी लायरटेल किंवा बार्टलेटच सांगते. खोल पाण्यातलंच हवं असेल तर बोर्बोनिअस वेंट्रॅलिसपेक्षा लवकर खायला लागतो, फक्त त्याची किंमत ऐकून बसा. तुम्ही आणलेत ते आणलेत, आता त्यांना जगवूया.

काच घामेजली की पुढची कटकट सुरू होईल, तीही सांगून ठेवते. टँकच्या प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून ठिबकेल. प्लायवूडच्या कडांना पॉलिश मारून घ्या. चिलर बंद कपाटात असेल तर दार काढून टाका, नाहीतर तो स्वतःचीच गरम हवा ओढत बसेल. आणि सेलवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच, वीज गेली की पहिला धोका यांनाच.

माझ्या उरलेल्या दोघींपैकी मोठी त्या डिसेंबरात रंग बदलायला लागली. पिवळी पाठ ठिपक्या-ठिपक्यांत तुटत गेली, अंग किरमिजी होत गेलं, आणि फेब्रुवारीपर्यंत ती नर झाली होती. नर गेला की सगळ्यात दांडगी मादी त्याची जागा घेते, हे वाचलं होतं. रोज सकाळी दिवे लागायच्या आधी टॉर्च घेऊन ते बघायला मी उभी राहायचे.

थर्मामीटरचा आकडा आणि बादलीचे सेकंद इथेच लिहा. पंपाचा आणि पाईपच्या तोंडाचा फोटोही टाका. मी साडेदहानंतर जागी असते.