पेसमेकर असलेल्यांचा ईसीजी : वाचकांचे प्रश्न

शिबिरात ईसीजी काढला, खाली इंग्रजीत काहीतरी छापून आलं आणि घरातल्यांची झोप उडाली, अशी पत्रं सारखी येतात. पेसमेकर बसवल्यावर आलेख वेगळा दिसणारच, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज एवढाच विषय.

बाबांना पेसमेकर आहे. शिबिरातल्या ईसीजीवर ‘लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक, जुन्या अटॅकची शक्यता’ असं छापून आलं. लगेच अँजिओग्राफी करा म्हणतात. (देवरुख)

पेसमेकरची तार बहुधा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात असते. ठोका तिथून निघून डावीकडे सावकाश पसरतो, म्हणून आलेख रुंद आणि त्या ब्लॉकसारखा, म्हणजे डाव्या बाजूचा विजेचा मार्ग अडल्यासारखा येतो. मशीनला पुष्कळदा पेसमेकर ओळखूच येत नाही. केवळ त्या छापील ओळीवर अँजिओग्राफीचं पॅकेज गळ्यात मारणं मला मान्य नाही. कागद तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा, ते ठरवतील.

आईच्या ईसीजीत पेसमेकरच्या उभ्या रेघाच नाहीत. बॅटरी संपली का? (मालवण)

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. तिचे स्वतःचे ठोके पुरेसे पडत असतील तर पेसमेकर गप्प राहतो, त्याचं सेटिंगच तसं केलेलं असतं. शिवाय हल्लीच्या बायपोलर (दोन्ही विद्युतध्रुव तारेच्या टोकाशीच असलेल्या) तारांची रेघ इतकी बारीक असते की कागदावर दिसतही नाही. उलट रेघ आहे पण तिच्यामागे ठोका नाही आणि आईला चक्कर येते, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काकांच्या छातीत रात्री दडपण आलं. शेजारी म्हणाले, पेसमेकर असला की अटॅक येत नाही. तालुक्याला ईसीजी काढला, तर ‘पेसमेकरमुळे काही कळत नाही’ म्हणाले. घाटात दरड पडली होती, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. चुकलं का? (गुहागर)

हो, थांबायला नको होतं. पेसमेकर ठोक्यांचा वेग सांभाळतो. रक्तवाहिनीतली गुठळी त्याला दिसत नाही आणि काढताही येत नाही. पेसमेकर असलेल्याला अटॅक येऊ शकतो, हे शेजाऱ्यांनाही सांगा.

‘काही कळत नाही’ हेही अर्धवट आहे. पेसमेकरच्या ठोक्यात मुख्य लाट वर गेली तर तिच्या लगेच मागचा, ‘एसटी’ म्हणतात तो भाग सहसा खाली जातो, लाट खाली गेली तर तो वर. दोन्ही एकाच दिशेला 1 मिलिमीटर किंवा जास्त सरकले, किंवा उलट दिशेचा सरकाव प्रमाणाबाहेर मोठा झाला, तर अटॅकचा संशय घ्यायचा. 1996 साली डॉ. एलेना स्गार्बोसा यांनी लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉकसाठी असे निकष मांडले, ते पुढे सुधारले गेले आणि पेसमेकरच्या आलेखालाही लावले जातात. मात्र निकषात न बसणं म्हणजे अटॅक नाही असं नव्हे. मग काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि जुन्या ईसीजीशी तुलना हवीच.

तो जुना ईसीजी कुठे असतो? मुंबईतल्या फायलीत! माझा आग्रह आहे : तब्येत बरी असताना ईसीजी काढून घ्या. त्याचा आणि पेसमेकरच्या कार्डाचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. छातीत दडपण, घाम, दम लागला की 108 ला फोन. पावसाळ्यात रस्ता लांबचा पडतो, म्हणून तर लवकर निघायचं. ईसीजीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून उत्तराची वाट बघू नका.

मोबाईल, इंडक्शन, मिक्सर चालतो का? (दापोली)

मोबाईल पेसमेकरपासून 15 सेंटिमीटर लांब, छातीच्या खिशात नको, इंडक्शनपासून 60 सेंटिमीटर लांब उभं राहा, मिक्सर चालतो.

प्रदर्शनात चुंबकीय गादी मिळते. विक्रेता म्हणतो, पेसमेकरवाल्यांनाही चालते. (रत्नागिरी)

घेऊ नका. चुंबक जवळ आला की बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके न बघता ठरलेल्या वेगाने ठोके देत सुटतात. तपासणीत आम्ही ते मुद्दाम, मॉनिटर लावून आणि थोडा वेळ करतो. रात्रभर त्यावर झोपायला सांगणाऱ्याला विक्रीशी मतलब आहे. घेतली असेल तर परत करा आणि पेसमेकर तपासून घ्या.

इथला ईसीजी चांगला आला, तर मुंबईची तपासणी टाळू का? (सावंतवाडी)

नाही. ईसीजीत साधारण 10 सेकंदांचे ठोके दिसतात. बॅटरी, तारेची स्थिती आणि मधल्या महिन्यांच्या नोंदी प्रोग्रामरवरच (पेसमेकर तपासायच्या यंत्रावरच) कळतात. साधारण 6 ते 12 महिन्यांनी तपासणी हवी, नेमकं तुमचे डॉक्टर सांगतील. मुंबई लांब पडते तर गोवा किंवा कोल्हापूर बघा, पण तुमच्या कंपनीचा प्रोग्रामर तिथे आहे का, हे आधी फोन करून विचारा.