मुक्कामाचा रकाना

॥ नर्मदे हर ॥

तुझ्या पायी नर्मदा परिक्रमेच्या बेताची एक्सेल शीट मिळाली. ओंकारेश्वर ते ओंकारेश्वर, ११८ ओळी. रोजचे किलोमीटर, रोजचा मुक्काम, रोजचा खर्च, शिवाय 'देणगी' असा वेगळा रकाना. एवढी मेहनत माझ्या भूगोलाच्या तासाला घेतली असतीस तर... असो.

मी तिची प्रिंट काढली आणि पेन्सिल घेऊन 'मुक्काम' हा रकाना वरपासून खालपर्यंत खोडला. रागावू नकोस, आधी वाच.

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे, म्हणून दोन्ही काठ मिळून सव्वीसशे, हा तुझा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण काठ आता जागेवर राहिलेला नाही. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणं झाली आणि जुनी काठाकाठानं जाणारी वाट ठिकठिकाणी पाण्याखाली गेली. हरसूद हे अख्खं गाव २००४ साली उठलं. मी २०१०च्या कार्तिकी एकादशीनंतर निघालो, तेव्हाच्या माझ्या वहीत बडवानीजवळच्या राजघाटापासून पुढची अंतरं नीट लिहिलेली आहेत. २०१९च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, राजघाट बुडाला आणि माझी वही रद्दीत जमा झाली. नकाशावर आठ किलोमीटरवर दिसणारं गाव तीन तास चाललं तरी येत नाही, कारण मधल्या नाल्यात पाणी शिरलेलं असतं आणि त्याला पार वरून वळसा पडतो. हे मोबाइलला कळत नाही, गुराख्याला कळतं. म्हणून विचारत जा. गुराख्याला विचार, पाण्याला निघालेल्या बायकांना विचार. मोटारसायकलवाल्याला मात्र विचारू नकोस. तो सगळ्यालाच 'बस, पास में है' म्हणतो.

रकाना खोडण्याचं हे झालं सांगण्यासारखं कारण. खरं कारण निराळं आहे.

सूर्य मावळल्यावर चालायचं नाही, हा परिक्रमेचा नियम तुला माहीत आहे. त्यामुळे दुपारचे चार वाजले की पोटात एक बारीक कालवाकालव सुरू होते. रात्र कुठे काढायची? मग एखादं गाव येतं, कुणीतरी ओट्यावरून हाक मारतं, 'नर्मदे हर! कितने मूर्ति हो, बाबाजी?' तिकडे परिक्रमावासी मोजताना 'मूर्ती' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपण चुकून कुणाच्या देवाच्या मूर्ती घेऊन चाललो आहोत की काय, म्हणून मागे वळून पाहिलं होतं. 'एक मूर्ति' म्हटलं की 'आसन लगाओ' म्हणतात, आणि तुझी रात्र लागते. माझी जवळजवळ रोज लागली. आधी फोन करून, नाव सांगून, जागा राखून गेलास तर मुक्काम मिळेल, पण ती चार वाजताची कालवाकालव मिळणार नाही. त्या कालवाकालवीसाठीच जातो आहेस, असं मी समजतो. नसशील तर गाडीनं पंधरा-वीस दिवसांत होते परिक्रमा, आणि तीही वाईट नसते.

आता देणगीचा रकाना. रोज २०० रुपये धरलेस. आश्रमात दानपेटी असते, तिच्यात टाक, सांगत बसू नकोस. पण घरात उतरलास तर सकाळी यजमानाच्या हातावर नोट ठेवायची नाही. तिथं उलटंच घडतं, आणि त्याची तयारी तुझ्या शीटमध्ये नाही.

अमरकंटक मागे टाकून दोन-तीन दिवस झाले होते. डिंडोरी जिल्ह्यात एका गोंड कुटुंबाच्या पडवीत उतरलो होतो. घरात म्हातारबाबा, सून, दोन नातवंडं. मुलगा जबलपूरला बांधकामावर. रात्री कोदोचा भात आणि डाळ. सकाळी मी झोळी खांद्याला लावली तर म्हातारबाबा वाकले आणि त्यांनी माझे पाय धरले. सत्तरीचा माणूस! मी दचकून मागे सरकलो. त्यांनी मग दहाची नोट काढली, माझ्या हातात कोंबली आणि म्हणाले, 'हमसे तो परिक्रमा होगी नहीं. हमारी तरफ से मैया को चढ़ा देना.' जन्मभर नदीच्या काठावर राहून, दर वर्षी शेकडो माणसं दारावरून जाताना पाहूनही ते कधी निघू शकले नव्हते. गुरं कोण बघणार, शेत कोण बघणार?

पुढे दिवसभर ती नोट खिशात टोचत राहिली. संध्याकाळी कधीतरी उमजलं की काल रात्रीचा भात मला वाढलेलाच नव्हता. त्यांना चालायचं होतं. माझ्या पायांना त्यांनी जेवू घातलं. माझ्या जागी दुसरा कुणी असता, भामटा असता, तरी तोच भात आणि तीच नोट. हे कळल्यावर आधी थोडा अपमान वाटतो, खोटं कशाला बोलू; आपल्याला वाटत असतं की आपल्या चेहऱ्यावर काहीतरी चांगुलपणा दिसला असेल. नंतर फार हलकं वाटतं. परतफेड कुणाची आणि कशी करायची, हा प्रश्नच उरत नाही.

उरतं ते एवढंच, की चालायचं नीट. इथं माझी एक गोष्ट सांगतो. घरच्यांनाही सांगितलेली नाही. म्हातारबाबांच्या आधीची, उत्तर तटावरची. टाच सोलवटली होती, एक जीपवाला थांबला, 'बैठो महाराज' म्हणाला आणि मी बसलो. चौदा किलोमीटर. त्या संध्याकाळी ज्या माउलीनं टिक्कड, म्हणजे जाड रोट, भाजून वाढले, तिनं सहज विचारलं की आज कुठून कुठून आलात. मी गावांची नावं घेतली. जीपमधून पाहिलेली गावं. ती कौतुकानं मान डोलावत होती, 'इतना चले आज!' म्हणत होती, आणि आणखी एक टिक्कड पानात टाकत होती. दुसऱ्याच्या नावावर रेशन उचलल्यासारखं वाटलं. परत जाऊन तेवढं चालावं, तर मागे वळलं की नदी डाव्या हाताला येते, आणि परिक्रमेत नर्मदा सतत उजव्या हाताला हवी. ते चौदा किलोमीटर माझ्याकडे अजून तसेच बाकी आहेत. पाय खरंच गेला तर गाडीत बस, त्यात पाप नाही. मात्र संध्याकाळी विचारलं तर 'आज गाड़ी से आया' म्हण.

तू लिहिलं आहेस, 'सर, माझी देवावर श्रद्धा नाही, तरी चालेल का?' मला हा प्रश्न निघण्यापूर्वी छळत होता, निघाल्यावर पंधराएक दिवसांत विसरलो. तिथं कुणी तुझं मत विचारत नाही. सकाळ-संध्याकाळ बाटलीतल्या मैयाची, म्हणजे सोबत घेतलेल्या नर्मदेच्या पाण्याची, आरती करायची, ती कर. म्हणता येत नसेल तर नुसता हात जोडून उभा राहा. श्रद्धा तुझी नसली तरी काठावरच्या लोकांची आहे आणि चार महिने तू त्यांच्या श्रद्धेवर जेवणार आहेस. तिची टिंगल करायची नाही आणि तिचं सोंगही आणायचं नाही. सोंग जास्त वाईट. दाढी वाढते, पांढरे कपडे मळतात, बायाबापड्या मुलाच्या नोकरीचं, सुनेच्या बाळंतपणाचं विचारू लागतात, आणि दोन शब्द ठोकून द्यायचा मोह होतो. तेव्हा 'मैया जाने' एवढंच म्हण.

मी स्वतः आज श्रद्धावान आहे का, हे मला सांगता येणार नाही. चार वाजले की मला पूर्वीइतकी भीती वाटत नाही, एवढं खरं.

आणि कुणी दिलंच नाही तर? तसंही होतं. एका आश्रमात मला 'जागा नहीं है' म्हणून सांगितलं. मागे चार खोल्या रिकाम्या दिसत होत्या. मी रात्रभर एका शाळेच्या व्हरांड्यात कुडकुडत त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पुढे दोन दिवस घातल्या. त्याच्या अडचणी असतील, पण हे शहाणपण मला वर्षभरानं सुचलं. त्या वेळी एकच गोष्ट लक्षात आली होती, की ऐंशी दिवस दारं उघडत गेली त्याची मी कुठे नोंद ठेवली नाही आणि बंद झालेल्या या एकाचं नाव-गाव वहीत तारखेसह लिहून ठेवलं. ते पान मी नंतर फाडलं.

शूलपाणीच्या झाडीची तुझ्या आईला काळजी वाटते म्हणतोस. तिथले भिल्ल, म्हणजे मामालोक, परिक्रमावासीयांना अंगावरच्या कपड्यासकट लुटत, आणि ती मैयाचीच इच्छा, असं मानायची रीत होती. आता ते जवळजवळ थांबलं आहे. जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली आहे, नवं गोऱ्याला बांधलं. आपल्या धडगाव-मोलगीच्या डोंगरांतून जाशील तेव्हा चहाला हाक मारणारा बहुधा एखादा मामाच असेल. ज्यांची शेतं त्या पाण्यात गेली, ते त्याच पाण्याला फेरी घालणाऱ्याला चहा पाजतात. तिथं बसलास तर लगेच उठू नकोस. त्यांचं गाव कुठे होतं ते विचार आणि ते बोट दाखवतील तिकडे बघ.

बाकी किरकोळ. सदावर्त मिळालं, म्हणजे कोरडा शिधा, तर स्वतः रांधून खा, उरलेलं पीठ पाठीवर वाहू नकोस. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या टिक्कडाला मी सभ्यपणे 'नको' म्हणत असे. वाढणारीचा चेहरा उतरतो, आणि दुपारी भुकेनं आपलाही उतरतो. घे. नदी समुद्राला मिळते तिथं विमलेश्वरहून पलीकडच्या काठावर मिठी तलाईला जाणारी होडी भरती-ओहोटी पाहून सुटते, तिथं दोन दिवस कोरे ठेव. नदीत साबण नाही. पोरं 'नर्मदे हर, टॉफी दो' म्हणत मागे लागतील, खिशात गोळ्या असू देत. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी मराठी कानावर पडेल आणि घरची आठवण येईल. तो एक दिवस मी फार उदास होतो, का ते अजून कळलेलं नाही.

परत आल्यावर कढई, म्हणजे परिक्रमा पुरी झाल्याचा प्रसाद, करून मुलींना जेवू घालशील, तेव्हा मला कळव, मी वाढायला येतो. म्हातारबाबांची दहाची नोट मी त्या वेळी ओंकारेश्वरला मैयाला वाहिली.

रविवारी घरी ये आणि माझा दंड, म्हणजे परिक्रमेतली काठी, घेऊन जा. खालची लोखंडी टोपी सैल झाली आहे, निघण्याआधी लोहाराकडून ठोकून घे.