रानकांद्याच्या शीट बघताना

अरे, सेइनेटवर, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या ऑनलाइन नोंदींच्या साइटवर, ॲलियम मॅक्रोपेटॅलम हे या रानकांद्याचं शास्त्रीय नाव टाकलंस की ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटाहचे ढीगभर रेकॉर्ड येतील, पण लगेच मोजत बसू नकोस, कारण एकाच गोळा केलेल्या झाडाचे तुकडे चार हर्बेरियमना (वाळवलेली झाडं जपून ठेवणाऱ्या संग्रहांना) वाटलेले असतात, म्हणून कलेक्टरचं नाव, नंबर नि तारीख जुळवून बघ. जुन्या लेबलवर डेझर्टिकोला लिहिलेलं दिसेल, तो हाच कांदा. आणि शीटच्या, म्हणजे वाळवलेलं झाड चिकटवलेल्या कागदाच्या, फोटोत आधी कांदा बघ, फूल नंतर! बाहेरच्या सालीवर धाग्यांची जाळी पाहिजे. घाईत कांदा न खणता नुसता दांडा तोडून आणलेली शीट असेल तर नावावर फार भरवसा ठेवू नको, मी एकदा ठेवला नि हा कांदा कुठे कुठे सापडतो त्याचा अख्खा नकाशा परत करावा लागला 😅