फॉर्म बॅगेतच होता

मी समुपदेशक. जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्यांत खेळाडू मुलांचे आईवडील बरेच असतात. खेळ वेगवेगळे, वाक्य एकच: ‘मॅडम, दिवसरात्र खेळतो, पण याचं पुढे काही होणार का, ते एकदा सांगून टाका.’ जणू मी पत्रिकाच पाहणार आहे! मुलंही हेच विचारतात, फक्त वडील बाहेर गेल्यावर. या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकलं, म्हणून मिहिरबद्दल लिहायला बसले. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. लिहायला त्याची परवानगी आहे.

मिहिर बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. नागपुरात बास्केटबॉलचं वेड जुनं आहे, आणि हा पाचवीत असल्यापासून त्यात. ज्युनिअर नॅशनलला महाराष्ट्राकडून खेळलेला, विद्यापीठाचा कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला. पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ मांडून देणारा. उंची १८३ सेंटीमीटर. तक्रार अशी की झोप लागत नाही आणि मॅचमध्ये समोर मोकळी जागा असतानाही हा शॉट न घेता पास देतो. कोच म्हणाले, हात ठीक आहेत, डोकं दाखव कोणाला तरी.

पहिल्या भेटीला वडील सोबत होते. ‘हा एनबीएचं बोलतो मॅडम, अमेरिकेतल्या त्या लीगचं. सहा फुटाच्या पोराला तिथे कोण विचारते? एका तरी भारतीयाला घेतलं का त्यांनी?’

मिहिर मान खाली घालूनच म्हणाला, ‘घेतलं. सतनामसिंग. २०१५च्या ड्राफ्टमध्ये बावन्नावा, डॅलसने.’

‘मग? खेळला एनबीएत?’

मिहिर गप्प. दोघंही खरं बोलत होते. सतनामसिंग भामरा ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, निवडला गेला, पण एनबीएची एकही मॅच त्याच्या वाट्याला आली नाही. एकाला ‘निवडला गेला’ एवढंच ऐकू येत होतं, दुसऱ्याला ‘खेळला नाही’ एवढंच. घरी जेवताना रोज हेच चालायचं.

कबूल करते, पहिल्या दोन भेटी मी माहिती देण्यात घालवल्या. २०१५ साली भारतात यूबीए नावाची बास्केटबॉल लीग सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. म्हणजे इथे लीगच्या पैशावर वर्षानुवर्षं घर चालेल असं धरून चालता येत नाही. भारताचा कर्णधार राहिलेला, २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळालेला विशेष भृगुवंशी ओएनजीसीत नोकरीला. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये ‘प्रोफेशनल’ याचा अर्थ बहुतेक वेळा नोकरी देऊन खेळवणारं खातं: रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, पोलीस. हे सगळं मी तयारी करून सांगत होते आणि मिहिर मधूनमधून माझ्या चुका दुरुस्त करत होता. रेल्वेच्या खेळाडू भरतीत १०० पैकी ४० गुण ट्रायलचे, ५० आधीच्या कामगिरीचे आणि १० शिक्षणाचे, हे मला त्यानेच सांगितलं.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्याला एवढं पाठ आहे, त्याचं माहितीवाचून काहीच अडलेलं नव्हतं.

चौथ्या भेटीला पाऊस होता. प्रॅक्टिसवरून सरळ आला, बॅग चिंब. वह्या, कागद काढून माझ्या टेबलावर पसरू लागला. त्यात एक प्रिंटआउट होतं, रेल्वेच्या खेळाडू भरतीच्या जाहिरातीचं. शेवटच्या तारखेवर पिवळी खूण.

‘कधीपर्यंत आहे?’

‘परवा.’

‘पात्र आहेस?’

‘हो. ज्युनिअर नॅशनलच्या सर्टिफिकेटवर.’

‘मग भरलास?’

‘भरतो ना.’

‘बॅगेत कधीपासून आहे हे?’

‘झाले असतील तीन आठवडे.’

‘मग भर ना बाबा’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. एकोणीस वर्षांच्या अनुभवाने एवढं शिकवलंय, की घरात रोज म्हटलं जाणारं वाक्य समुपदेशकाने पुन्हा म्हणायचं नाही. मी विचारलं, ‘नाही भरलास, तर परवा रात्री काय होईल?’

‘काही नाही.’ मग बराच वेळ ओल्या कागदाचं टोक सरळ करत बसला. ‘म्हणजे... काहीच नाही होणार. आता आहे तसंच राहील.’

‘आणि भरलास तर?’

‘ट्रायलला बोलावतील.’

‘मग?’

‘मग ते पाहतील मला.’ आवाज बारीक झाला. ‘आणि नाही म्हणाले तर, मॅडम? गल्लीत पोरं मला बास्केटबॉलच म्हणतात. नावाने कोणी हाक मारत नाही. ते नाही म्हणाले, तर मग मी कोण?’

बाहेर पाऊस, आत आम्ही दोघंही गप्प. अशा वेळी मी बोलायची घाई करत नाही. मग विचारलं, ‘मिहिर, तुझी झोप कशाने उडालीये? पुढचं कळत नाही म्हणून, की कळेल म्हणून?’

तो बघत राहिला. मग हसलाच. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. ‘कळेल म्हणून.’

ते हसू मला अजून आठवतं. तोवर आम्ही सगळे, घरचे, कोच आणि मीसुद्धा, समजत होतो की अनिश्चितता या मुलाला छळते आहे. प्रत्यक्षात ती त्याला सांभाळत होती. फॉर्म बॅगेत आहे तोवर कोणी नाही म्हणू शकत नाही. शॉट घेतलाच नाही, तर तो हुकत नाही. मोकळ्या जागेतून पास देणं आणि तीन आठवडे कागद बॅगेत ठेवणं, दोन्हीमागे एकच भीती होती.

मी अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत घडले आहे, ते लपवत नाही. ती शिकवताना आपल्या मराठीचा मला फार उपयोग होतो, कारण सगळा घोळ आपल्याकडे एका अक्षरात मावतो. ‘मला प्रोफेशनल व्हायचंय’ ही इच्छा. ‘मला प्रोफेशनल व्हायलाच हवं’ हा हट्ट. व्हायलाच हवं असेल, तर न होणं परवडत नाही. न होणं परवडत नसेल, तर ट्रायल देणंही परवडत नाही. इच्छा माणसाला मैदानात नेते, ‘च’ त्याला मैदानाच्या कडेला बसवून ठेवतो. मिहिरने पुढच्या भेटीपर्यंत आपल्या बोलण्यातले ‘च’ मोजून आणले. एका दिवसात एकतीस! त्यातले काही वडिलांचेही मोजले होते, ते मी चालवून घेतलं.

फॉर्म मात्र त्या पावसाच्या रात्रीच गेला होता.

आता पालकांसाठी, कारण प्रश्न तुमचा आहे. ‘होणार का?’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही, कोच देऊ शकत नाही. पण ‘आज कशात कमी पडतोय?’ याचं उत्तर कोच नक्की देतात. मिहिरने विचारलं तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं: डावा हात. डावीकडून शिरता येत नाही, हे चांगल्या संघाला पहिल्या क्वार्टरमध्येच कळतं. दोन वर्षं उत्तर नसलेल्या प्रश्नाच्या मागे हा मुलगा झोप घालवत होता, आणि उत्तर असलेला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

‘प्लॅन बी’ हा शब्द जेवताना वापरू नका. मुलाला त्यात ‘आमचा तुझ्यावर विश्वास नाही’ एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा मुदत ठरवा, आणि ती त्याला ठरवू द्या. रेल्वेच्या खेळाडू भरतीला वय १८ ते २५ लागतं, म्हणजे मर्यादा बाहेरूनच आखलेली आहे; तुम्ही वेगळी तलवार टांगायची गरज नाही. मिहिरने दोन हंगाम ठरवले, कोणत्या ट्रायल द्यायच्या ते लिहून काढलं. अभ्यासाचं भांडण तर त्या १० गुणांनी मिटलं. बी.कॉम. खेळाच्या विरोधात नाही, त्याच गुणपत्रिकेत आहे, हे त्याचं त्यानेच वडिलांना सांगितलं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा, पंचाच्या परीक्षा, हे सगळे रस्ते चांगलेच आहेत. फक्त ज्या महिन्यात ट्रायल आहे, त्या महिन्यात ते दाखवू नका.

त्या ट्रायलमध्ये मिहिरची निवड झाली नाही. त्याचा मेसेज आला: ‘नाही झालं मॅडम. रात्री रडलो. सकाळी ग्राउंडवर होतो.’ मी मुद्दाम ‘च’ शोधला. एकही नव्हता.

मागच्या आठवड्यात वडील भेटले, भाजी घेताना. पुढच्या भरतीचा अर्ज या वेळी त्यांनीच बसून भरून दिला म्हणे. मिहिरने पाठवण्याआधी तपासला म्हणून बरं. उंचीच्या रकान्यात त्यांनी १८८ लिहिलं होतं.